कडी लावलेली गिन्नी

२०२० च्या धनत्रयोदशीला मी आयुष्यातलं पहिलं सोनं घेतलं. नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण कोरोनामुळे काम घरून. घर म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्ह्याजवळचं आमचं गाव. बोनस जमा झाला तशी मी यवतमाळला गेले आणि पाच ग्रॅमचं नाणं घेऊन आले. दागिना घ्यायचा नाही हे आधीच ठरवलं होतं. मी पाहिलेल्या सगळ्या व्हिडिओंचं त्यावर एकमत होतं : दागिन्यात मजुरी वाया जाते, नाणं हीच खरी गुंतवणूक.

नाणं प्लास्टिकच्या सीलबंद पाकिटात होतं. एका बाजूला लक्ष्मी, दुसऱ्या बाजूला वजन आणि ९९९ हा आकडा. दुकानदार म्हणाला, "ताई, पाकीट फाडू नका. विकताना त्रास होतो."

संध्याकाळी ते पूजेत ठेवलं. पूजा झाल्यावर आजीनं पाकीट उचललं, दिव्याजवळ धरून उलटसुलट पाहिलं.

"उघडाचं नाही?"

"नाही."

"अंगावर घालाचं नाही?"

"नाही वं आजी. ही गुंतवणूक आहे."

आजीनं जरा विचार केला. "मंग अडीनडीले याले गहाण कोण ठेवून घेईन वं माय?"

मी हसले. आठ महिन्यांनी मला या प्रश्नाचं उत्तर मिळालं आणि तेव्हा हसू आलं नाही.

जूनचा पैसा

२०२१ चा पाऊस जूनच्या सुरुवातीला वेळेवर आला. बाबांनी कपाशी लावली. सरकीला कोंब फुटले आणि पावसानं पाठ फिरवली. जूनची अखेर कोरडी, जुलैचा पहिला आठवडा कोरडा. आमच्या रानात निम्म्याहून जास्त कोंब करपले. दुबार पेरणी म्हणजे बियाण्याची पाकिटं पुन्हा, खत पुन्हा, मजुरी पुन्हा. पीककर्ज आधीच उचललेलं होतं.

मी म्हटलं, माझं नाणं आहे ना. ते घेऊन तालुक्याच्या बँकेत गेले. सोनेतारण बघणाऱ्या अधिकाऱ्यानं पाकीट पाहिलं आणि नीट समजावून सांगितलं : बँक दागिन्यांवर कर्ज देते. नाण्यावर द्यायचं तर ते बँकेनंच विकलेलं खास नाणं लागतं, आणि तेही एका माणसामागे ५० ग्रॅमपर्यंतच. सोन्याच्या विटेवर, बिस्किटावर कर्ज नाहीच. हा तेव्हाचा रिझर्व्ह बँकेचा नियम. कर्ज काढून लोकांनी सोन्याचा साठा करू नये, हा त्यामागचा हेतू. माझं नाणं सराफाकडचं होतं. म्हणजे ९९९ शुद्धतेचं माझं सोनं तारण म्हणून चालत नव्हतं.

मग सराफाकडे गेले. त्यानं फसवलं नाही, जो रिवाज आहे तोच सांगितला. घेताना भाव ग्रॅमला साधारण ५,१०० रुपये होता. पाच ग्रॅमचे २५,५०० झाले. त्यावर घडणावळ पाच टक्के, म्हणजे १,२७५. एकूण रकमेवर तीन टक्के जीएसटी, सुमारे ८०३. असे माझे गेले २७,५७८ रुपये. आता भाव होता ४,७०० च्या आसपास. घडणावळ परत मिळत नाही, जीएसटी परत मिळत नाही, वर दोन टक्के कपात. हातात आले २३,०३० रुपये. आठ महिन्यांत साडेचार हजार गेले.

तरी पैसे कमीच पडत होते. तेव्हा आजीनं पेटीतून आपली पोत काढली. काळे मणी, मधे सोन्याचे मणी आणि मधोमध एक गिन्नी. गिन्नीच्या माथ्यावर सोन्याची छोटीशी कडी जोडलेली, त्या कडीतून दोरा गेलेला. बँकेच्या सराफानं पोत तपासली, वजनातून दोरा आणि काळे मणी वजा केले आणि तासाभरात कर्ज मंजूर झालं.

माझं नाणं शुद्धतेत सरस होतं, गिन्नी तर २२ कॅरटची. पण चालली गिन्नी. कारण तिला कडी होती. कडी होती म्हणून ती दागिना होती.

त्या कडीनं मला कामाला लावलं. आपल्याकडे नाण्याला कडी कोणी लावली, कधी लावली, का लावली, हे शोधत मी बरंच मागे गेले.

व्हेनिसचं नाणं, आपली पुतळी

पुतळ्यांची माळ तुम्ही पाहिली असेल. मराठी लग्नांत ती आता पुन्हा दिसू लागली आहे. त्या पुतळीचं मूळ इटलीतल्या व्हेनिसमध्ये आहे. १२८४ साली व्हेनिसनं सोन्याचं डुकॅट नावाचं नाणं पाडायला सुरुवात केली. साडेतीन ग्रॅम वजन, जवळजवळ शुद्ध सोनं. त्यावर व्हेनिसचा राज्यप्रमुख संत मार्कसमोर गुडघे टेकून बसलेला. पाश्चात्त्य व्यापारी आपल्याकडून मिरी, मसाले, कापड नेत आणि बदल्यात सोनं-चांदी देत. त्यात हे नाणं आलं. आपल्या लोकांना त्यावरच्या आकृत्या बाहुल्यांसारख्या दिसल्या आणि त्याचं नाव पडलं पुतळी.

नाण्यावरची भाषा इथं कोणाला वाचता येत नव्हती. तरी ते चाललं, कारण १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडेपर्यंत, म्हणजे पाचशेहून जास्त वर्षं, त्याचं वजन, शुद्धता आणि चित्र जवळपास तेच राहिलं. इतका काळ शब्द पाळणारी टाकसाळ दुर्मीळच.

पण गोष्ट इथं संपत नाही. पुतळीला मागणी इतकी होती की आपल्याकडच्या कारागिरांनी तिच्या नकला पाडायला सुरुवात केली. अक्षरं अर्थहीन, आकृत्या अंदाजानं काढलेल्या. म्हणजे छाप होती, पण छापेमागची टाकसाळ नव्हती. अशा पुतळीत सोनं किती, हे शेवटी ओळखीच्या सोनारालाच विचारावं लागे. नाणं घेताना आपण सोन्याचे पैसे देतोच, शिवाय 'हे खरं आहे' असं सांगणाऱ्या छापेचेही देतो. ती छाप कोणाची आणि ती कुठवर चालते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पुतळ्यांना कडी लावून माळ करण्यात एक सोयही होती. पाटली विकायची तर अख्खी विकावी लागते. माळेतून गरजेपुरती एकच पुतळी काढता येते. आपण सोनं 'विकलं' असं म्हणतच नाही, 'मोडलं' म्हणतो. नोटही मोडतो, एफडीही मोडतो. आणि घेताना म्हणतो, 'यंदा तोळाभर सोनं केलं.' करणं, घालणं, गहाण टाकणं, सोडवणं, मोडणं : सोन्याची ही जुनी क्रियापदं आहेत. 'गुंतवणं' हे त्या मानानं अलीकडचं.

अमेरिकेतली लढाई, वऱ्हाडातला पैसा

आमच्या भागात रोख पैसा मोठ्या प्रमाणावर आला तो कापसामुळे. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथल्या कापसाची वाट बंद झाली. मँचेस्टरच्या गिरण्यांना दुसरा कापूस हवा होता. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणत. कापसाचे भाव युद्धाच्या आधीच्या मानानं तिपटी-चौपटीवर गेले आणि मुंबईच्या बंदरात जहाजांनी सोनं-चांदी उतरू लागली.

त्या पैशाचं दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी झालं. मुंबईत लोकांनी शेअर घेतले. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या, रोज नव्या बँका, आणि या सगळ्याच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि शेअरचे कागद रद्दी झाले. पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. खेड्यातल्या शेतकऱ्यानं मात्र धातू घेतला, मुख्यतः चांदी : कडी, वाळे, गोठ, कंबरपट्टे. भाव पडल्यावर मुंबईकराकडे कागद उरला आणि शेतकऱ्याकडे चांदी.

'बघा, सोनं-चांदी कधी बुडत नाही,' असं म्हणून इथं थांबायचा मोह होतो. पण पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही.

त्या काळचा चांदीचा रुपया वजनाला बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम असे. चांदी टाकसाळीत नेऊन द्यायची आणि थोडी फी कापून तिचे रुपये पाडून घ्यायचे, अशी सोय होती. त्यामुळे घरातला चांदीचा दागिना म्हणजे जवळजवळ रोकडच. जगभर चांदी स्वस्त होऊ लागली तेव्हा सरकारनं रुपयाची किंमत टिकवण्यासाठी जून १८९३ मध्ये ही सोय बंद केली. रुपया सावरला, पण दागिन्यातली चांदी त्याच्यापासून सुटी पडली. तोळाभर चांदीचा रुपया मिळेना.

त्यानंतर तीन वर्षांत १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा. वऱ्हाडाला त्यानं फार पोळलं. लोक दागिने घेऊन बाजारात आले तेव्हा चांदी आधीच घसरलेली, आणि सगळेच एकदम विकायला आलेले. तिकडे ज्वारी महाग. धातू हरवला नव्हता, चोरीला गेला नव्हता. फक्त गरजेच्या दिवशी त्याची किंमत आजोबांनी ठेवताना होती तितकी उरली नव्हती.

मुंबईची गिन्नी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक-निक्सन कंपनीची नॅरोगेज मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळपर्यंत आली. आम्ही तिला शकुंतला म्हणतो. ती आली ती कापूस न्यायला. १९०५ च्या फेररचनेत जुन्या वणी जिल्ह्याला पुसद जोडून आजचा यवतमाळ जिल्हा झाला.

त्याच सुमाराचं नाणं म्हणजे गिन्नी, ब्रिटिश सॉव्हरिन. वजन ७.९९ ग्रॅम, २२ कॅरट, म्हणजे आत ७.३२ ग्रॅम शुद्ध सोनं. १८९९ पासून ती भारतात कायदेशीर चलन होती आणि तिची किंमत पंधरा रुपये ठरवलेली होती.

आजीची पोत बँकेत जाण्याआधी मी फोनच्या कॅमेऱ्यानं गिन्नीचे जवळून फोटो घेतले होते. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून अजगराला मारणारा संत. खाली १९१८. फोटो मोठा करून पाहिला तर सालाच्या वर, घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर, अगदी बारीक 'आय' हे इंग्रजी अक्षर दिसलं. 'आय' म्हणजे इंडिया. ही गिन्नी लंडनची नव्हतीच, मुंबईत पाडलेली होती.

पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला. रुपये पाडायला चांदी पुरेना आणि समुद्रातून सोनं नेणं धोक्याचं. तेव्हा लंडनच्या टाकसाळीची एक शाखा १९१८ मध्ये मुंबईत सुरू झाली. तिनं त्या साली १२ लाखांहून जास्त गिन्न्या पाडल्या. मुंबईतच त्या वर्षी पंधरा रुपयांची सोन्याची मोहरही निघाली, वजन आणि शुद्धता गिन्नीइतकीच. पुढच्याच वर्षी शाखा बंद झाली. म्हणजे आजीच्या गळ्यातली गिन्नी एका वर्षाच्या टाकसाळीची निघाली.

बाबा सांगतात की ती आजीच्या सासूची, कापसाच्या पैशातली. कडी नेमकी कोणी लावली, कोणाला आठवत नाही. पण लावली नसती तर काय झालं असतं, याचा अंदाज करता येतो. १९२९ नंतर जगभर मंदी आली आणि कापसाचा भाव पार खाली गेला. सारा मात्र तेवढाच राहिला. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटननं पौंडाचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं, सोन्याचा भाव चढला, आणि खेड्यापाड्यांतून सोनं बाहेर निघून मुंबई बंदरातून परदेशी जाऊ लागलं. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत त्याला अडचणीपायी विकलेलं सोनं म्हणतात. लाखो घरांनी ते चढ्या भावात विकलं, कागदावर नफ्यात विकलं. पण विकायचा दिवस त्यांनी निवडला नव्हता.

आईवडिलांच्या काळात बिस्किट बेकायदा होतं

सोन्याचं नाणं, बिस्किट, फोनवरून ऑर्डर, हे आपल्याला इतकं साधं वाटतं की मधली सत्तावीस वर्षं आठवतच नाहीत. १९६२ च्या चीन युद्धानंतर देशाकडे परकीय चलन नव्हतं आणि सोन्याची चोरटी आयात चालू होती. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं. १४ कॅरटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने करायला बंदी. सोनारांचे हातोडे थांबले. देशभर हजारो सोनारांवर उपासमारीची वेळ आली. १४ कॅरटची अट काही वर्षांत मागे घेतली गेली, पण १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा झाला आणि सामान्य माणसानं सोन्याची वीट किंवा बिस्किट बाळगणं बेकायदा ठरलं.

दागिना चाले, वीट चालत नसे. त्यामुळे बचत करणाऱ्या बाईनं दागिना केला तर तिला हिशेब कळत नव्हता असं म्हणायचं कारण नाही. कायद्यानं मोकळी ठेवलेली वाट तीच होती. हा कायदा १९९० मध्ये अर्थमंत्री मधू दंडवते यांनी रद्द केला. आणि पुढच्याच वर्षी, जुलै १९९१ मध्ये, रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानानं परदेशी पाठवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण टाकलं. आयातीची बिलं भरायला डॉलर नव्हते. काही महिन्यांत ते सोडवलं. वर्तमानपत्रांनी त्याला देशाची नामुष्की म्हटलं. आमच्या भागातल्या बायांना त्यात नवल वाटलं नसेल. जूनमध्ये ठेवायचं आणि जानेवारीत सोडवायचं, हे त्यांच्या घरचं नेहमीचंच होतं.

तोळ्याला किती क्विंटल

विदर्भातल्या कोणत्याही जुन्या शेतकऱ्याजवळ बसा, तो सांगेल : सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका क्विंटल कापसात तोळाभर सोनं येई. शेतकरी नेते विजय जावंधिया ही तुलना वर्षानुवर्षं मांडत आले आहेत. १९७२ मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली, तेव्हा दहा ग्रॅम सोनं दोनशे रुपयांच्या घरात होतं.

पुढचा हिशेब मी हमीभावावरून केला. बाजारभाव कधी त्याच्या वर असतो, कधी खाली, पण हमीभावाचे आकडे ठाम असतात. २००८ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ३,००० रुपये क्विंटल आणि सोनं दहा ग्रॅमला साडेबारा हजारांच्या आसपास. म्हणजे तोळ्याला चार क्विंटल. २०२० मध्ये हमीभाव ५,८२५ आणि सोनं सरासरी साडेअठ्ठेचाळीस हजार, म्हणजे आठ क्विंटलहून जास्त. एप्रिल २०२५ मध्ये सोन्यानं एक लाखाचा टप्पा ओलांडला. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ८,११०. तोळ्याला बारा क्विंटल. आमच्या कोरडवाहू रानात एकरी पाच-सहा क्विंटल पिकला तर दोन एकरांचा अख्खा कापूस, खर्च न वजा करता, एक तोळा. आणि हा तोळाही आता दहा ग्रॅमचा. आजीच्या सासूचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता.

यावरून कोणी म्हणेल, मग कापूस विकून सोनंच घ्यायचं. आणि खरं सांगायचं तर मी ते नाणं मोडलं नसतं, तर २०२५ मध्ये त्याचे पन्नास हजार आले असते. मजुरी, जीएसटी, कपात सगळं धरूनही जवळपास दुप्पट. व्हिडिओतली माणसं खोटं बोलत नव्हती. ती फक्त अशा घराशी बोलत होती, जिथं मोडायचा दिवस घरानं ठरवायचा असतो. आमच्या घरी तो दिवस पाऊस ठरवतो.

पहिलं नाणं घेणार असाल तर

तुम्ही पहिल्यांदा सोनं घेणार असाल, तर माझ्या साडेचार हजारांच्या मोबदल्यात मिळालेलं शहाणपण देते.

दुकानात भाव विचाराल तेव्हा दुसरा भावही विचारा : "हेच नाणं आत्ता तुम्हाला परत दिलं तर किती द्याल?" या दोन आकड्यांतला फरक ही तुमची खरी किंमत. नाणं जितकं लहान, तितका घडणावळीचा वाटा साधारण मोठा. म्हणून दर महिन्याला अर्धा-एक ग्रॅम घेण्यापेक्षा पैसे साठवून एकदम घेणं बहुतेकदा स्वस्त पडतं. '२४ कॅरट' या शब्दावर थांबू नका, ९९९ आहे की ९९५ हे पाहा आणि बिलावर ते लिहून घ्या. बँकेचं नाणं घेणार असाल तर हेही लक्षात ठेवा की बँका नाणी विकत आल्या, पण परत विकत घेत नाहीत. नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारनं एका बाजूला अशोकचक्र आणि दुसऱ्या बाजूला गांधीजी असलेलं 'इंडियन गोल्ड कॉईन' आणलं, त्यात परत घेण्याची सोय हाच मोठा मुद्दा होता. ती आज कुठं, कोणत्या भावात मिळते, हे घेण्याआधी विचारा.

फक्त भाववाढच हवी असेल, तर डीमॅट खात्यातलं गोल्ड ईटीएफ घडणावळीशिवाय मिळतं. सरकारी सुवर्णरोख्यांवर वर व्याजही मिळे, पण फेब्रुवारी २०२४ नंतर त्यांची नवी विक्री झालेली नाही. आणि सोनं नेहमी चढतंच, असं धरून चालू नका. २०१२ मध्ये दहा ग्रॅमला सरासरी ३१ हजार देणाऱ्याला २०१५ मध्ये २६ हजारांच्या आसपास भाव दिसला. तेवढाच भाव परत यायला २०१८ उजाडलं.

घरात सोनं गहाण टाकायची वेळ येते, हे तुम्हाला ठाऊक असेल, तर हॉलमार्कचा साधा, खडे नसलेला दागिना नाण्यापेक्षा उपयोगी. जून २०२१ पासून, म्हणजे माझ्या त्या धावपळीच्या थोडं आधीपासून, टप्प्याटप्प्यानं हॉलमार्क सक्तीचं झालं. एप्रिल २०२३ पासून नव्या दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा क्रमांक लागतो. तो 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये टाकला की दागिन्याची शुद्धता कळते. पुतळीच्या काळापासून जो भरवसा ओळखीच्या सोनारावर होता, तो आता त्या सहा खुणांवर आला आहे.

आणि शेवटचं : जूनचा पैसा सोन्यात घालू नका. तुमचा जून कदाचित कॉलेजच्या फीचा असेल, घरभाड्याच्या अनामत रकमेचा असेल, दवाखान्याचा असेल. तो पैसा बँकेत राहू द्या. उरेल त्याचं सोनं करा.

पावती

२०२१-२२ च्या हंगामात कापूस बऱ्याच वर्षांनी हमीभावाच्या खूप वर गेला. जानेवारीत आमचा कापूस नऊ हजारांच्या वर विकला आणि बाबांनी पोत सोडवून आणली.

मध्यंतरी मी गिन्नीचे फोटो जुनी नाणी जमवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला पाठवले होते. तो हळहळला. म्हणाला, मुंबईच्या टाकसाळीची गिन्नी, कडी जोडली नसती तर संग्राहकानं सोन्याच्या भावापेक्षा जास्त दिले असते. जोडकामानं नाणं बिघडलं.

मी ते आजीला सांगितलं.

"कडी नसती त थे पेटीत पडली असती," आजी म्हणाली. "पेटीतलं केव्हाचं मोडून खाल्लं आम्ही. गळ्यात होती म्हणून राह्यली."

गेल्या दिवाळीला मी पुन्हा सोनं केलं. नाणं नाही, पोतीत गिन्नीच्या दोन्ही बाजूंना घालायला चार मणी, हॉलमार्कचे. आजीनं ते तळहातावर घेतले, वजन विचारलं, मजुरी विचारली. भाव काही विचारला नाही.

"पावती कुठं ठेवली?" ती म्हणाली.